बुरशी फवारली, तरी धानातले तुडतुडे मेले नाहीत? या क्रमानं तपासा

दरवर्षी गणपती उठले की माझ्याकडे एकच तक्रार यायला लागते. "ती हिरवी बुरशी मारली, काहीच झालं नाही. पैसे पाण्यात गेले." मी राहतो ग्वाल्हेरला, लश्करात, आणि शेती भितरवारकडे. हरसीच्या कालव्यावर आमची धानाची खाचरं आहेत. मेटारायझियम आणि बिव्हेरिया या किडी मारणाऱ्या बुरशा मी नऊ वर्षं वापरतो आहे. आधी स्वतःच्या शेतात, मग मामांच्या, मग डबऱ्याकडच्या ओळखीच्यांच्या बांधावर जाऊन हाच घोळ इतक्या वेळा निस्तरला आहे की तपासणीचा क्रम आता पाठ झाला. बहुतेक वेळा बुरशी किडीपर्यंत पोचायच्या आधीच मेलेली असते, नाहीतर तिच्या आवाक्यात नसलेल्या किडीवर सोडलेली असते. म्हणून दुसरं पाकीट विकत घेण्याआधी हे वाचा.

लक्षणं

तुमच्या शेतात यातलं काय दिसतं ते आधी ठरवा:

- फवारून आठ-दहा दिवस झाले, पण चुडाच्या (एका जागी लावलेल्या धानाच्या जुडग्याच्या) बुंध्याशी तुडतुडे तेवढेच आहेत किंवा वाढले आहेत.
- पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगतं, किडे मेले असं वाटतं, पण चूड हलवला की उड्या मारणारे कमी झालेले नाहीत.
- शेतात मध्येच पिवळी, मग तपकिरी, जळाल्यासारखी गोल खळी पडली आहेत आणि रोज पसरताहेत.
- पानं गुंडाळलेली आहेत, उलगडली तर आत अळी जिवंत.
- लोंबी पांढरी आणि पोकळ, ओढली की अलगद हातात येते.
- पहिल्या फवारणीनंतर बुरशीनं मेलेले किडे सापडले, दुसऱ्या फवारणीनंतर एकही नाही.
- नोझल सारखं चोंदतं, टाकीच्या तळाशी गाळ बसतो.

गोल जळकी खळी असतील तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. ती वेळ तपासत बसण्याची नाही.

पहिलं: दिवस मोजा

याला एक पैसा लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात. रासायनिक औषधाची सवय असलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन बघतो, किडे चालताना दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी दुकानातून आणखी काहीतरी आणून ओततो. बुरशीचं काम असं चालत नाही. तिचा बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी) किडीच्या अंगावर पडतो, चिकटतो, ओल मिळाली की साधारण एका दिवसात रुजतो. मग तो किडीचं कडक आवरण विरघळवणारी विकरं सोडतो, आत शिरतो आणि आतल्या आत वाढतो. कीड मरायला पाच ते दहा दिवस जातात. तिचं खाणं त्याआधीच मंदावतं, पण ते बांधावरून दिसत नाही.

हे ज्ञान जुनं आहे. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाच्या किड्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवून दिलं. तीच आजची बिव्हेरिया बॅसियाना, नाव त्यांच्यावरूनच पडलं. १८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळीवर हिरवी बुरशी वापरून पाहिली, ती आपली मेटारायझियम. किडीला आजारी पाडून मारणं हीच तेव्हापासूनची रीत आहे, आणि आजार वेळ घेतोच.

म्हणून फवारल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. सात दिवस झाले नसतील तर निकाल लावू नका.

दुसरं: मेलेला किडा आहे की कात?

तुडतुड्याची पिल्लं मोठी होताना पुन्हा पुन्हा कात टाकतात. त्या पांढऱ्या काती बुंध्याला चिकटतात, पाण्यावर तरंगतात, आणि लोक त्यांना बुरशीनं मेलेले किडे समजून खूश होतात. खरं तर भरपूर काती म्हणजे भरपूर पिल्लं वाढताहेत. एक कात बोटावर घेऊन फुंकर मारा. ती उडून जाते, आत काही नसतं. मेलेला किडा भरीव असतो, पाय पसरून बुंध्याला धरून बसलेला.

आता घरचा डबा काढा. दहा-पंधरा मेलेले किंवा सुस्त किडे वेचून, ओल्या टिपकागदावर ठेवून, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत अंगावर पांढरा लोंब (कापसासारखी बुरशीची वाढ) फुटला आणि तो पुढे शेवाळी हिरवा झाला तर मेटारायझियमनं काम केलं. पांढरा पिठासारखाच राहिला तर बिव्हेरिया. काहीच फुटलं नाही तर ते किडे दुसऱ्या कशानं मेले, आणि पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. हा डबा मला फार मोलाचा वाटतो, कारण यानंतर अंदाजानं बोलायची गरज उरत नाही.

तिसरं: कीड कोणती?

दुकानात "माहू" (रस शोषणारी कीड) म्हटलं की एक पाकीट मिळतं आणि "सुंडी" (अळी) म्हटलं की दुसरं. पण धानात बुरशीची पोच सगळीकडे सारखी नाही.

तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, उघड्यावर बसतात. तिथे ओल असते, सावली असते. बुरशीला यापेक्षा चांगली जागा नाही, फक्त औषध तिथपर्यंत गेलं पाहिजे.

पाने गुंडाळणारी अळी गुंडाळीच्या आत बसून हिरवं खरवडते. आमच्या मामांकडे फवारणीआधी दोघं जण शेताच्या दोन बाजूंना उभे राहून दोर पिकावरून ओढत नेतात, म्हणजे गुंडाळ्या हलतात आणि बऱ्याच अळ्या खाली पडतात. हे पीक पोटरीत येण्याआधी, म्हणजे लोंबी पानाच्या कोषात भरायच्या आधी करायचं. त्यानंतर मारलेल्या बिव्हेरियाचा परिणाम मी स्वतः जास्त चांगला पाहिला आहे.

खोडकिड्याचं मात्र सरळ सांगतो. अळी एकदा खोडात शिरली की बुरशी तिच्यापर्यंत पोचत नाही. गाभेमर (मधला कोंब सुकणं) किंवा पांढरी पळींज (पांढरी, पोकळ लोंबी) दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यावर बुरशी फवारून पैसे घालवू नका. खोडकिड्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) आणि ट्रायकोग्रामा जॅपोनिकम या किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक मित्रकीटकाची कार्डं, तीही पतंग दिसायला लागताच.

मोजताना आणखी एक बघा. बुंध्याशी दिसणारा प्रत्येक जीव शत्रू नसतो. हिरवा छोटा मिरिड ढेकूण तुडतुड्यांची अंडी आणि पिल्लं खातो, कोळीही तेच काम करतात. ते भरपूर असतील तर थांबण्याला अर्थ आहे.

चौथं: पाकीट वाचा, आणि बिघ्याचा हिशेब करा

पाकिटावर चार गोष्टी शोधा: नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि बीजाणूंची संख्या. कीड मारण्याचा दावा करणारं बुरशीचं औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं असावंच लागतं. एका ग्रॅममध्ये निदान १ × १०⁸, म्हणजे दहा कोटी जिवंत घटक हवेत. नुसतं "जैविक" किंवा "ऑरगॅनिक" लिहिलेलं आणि यातलं काहीच नसलेलं पाकीट परत करा.

आता मात्रा. आपल्याकडे मिळणाऱ्या १.१५ टक्के भुकटीची धानासाठीची लेबलवरची मात्रा साधारणपणे हेक्टरी २.५ किलो असते. दुकानदार एकरात बोलतो, आपण बिघ्यात. ग्वाल्हेरकडचे जवळपास पाच बिघे मिळून एक हेक्टर होतो, म्हणजे बिघ्याला अर्धा किलो. मी पाहिलेल्या एका शेतात एकराचं एक किलो तीन बिघ्यांत पुरवलं होतं, कारण पंप भरताना जो माणूस होता त्याला कुणी हिशेबच सांगितला नव्हता. कमी मात्रेत रासायनिक औषध थोडं तरी मारतं. बुरशीचं तसं नाही, किड्याच्या अंगावर पुरेसे बीजाणू पडले नाहीत तर आजारच लागत नाही.

पाचवं: कोणत्या वेळी मारलं?

ऊन बीजाणूंचा शत्रू आहे. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं त्यांना काही तासांत निकामी करतात. पस्तीस अंशांच्या वर त्यांचं रुजणं मंदावतं, पंचवीस ते तीसच्या दरम्यान ते सुखात असतात. सकाळी दहाला, मजूर आले म्हणून, फवारलेली बुरशी दुपारपर्यंत बरीचशी संपलेली असते. संध्याकाळी पाचनंतर मारा, म्हणजे रात्रभराची दवाची ओल तिला मिळते आणि सकाळपर्यंत ती रुजायला लागते.

आमच्या भागात पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंतचा काळ अवघड. पाऊस परतायला लागतो, हवा कोरडी होते, दिवसा ऊन लागतं, आणि नेमके तेव्हाच तुडतुडे फोफावतात. पण दाट धानाच्या बुंध्याशी त्याही दिवसांत ओलावा टिकून असतो. वर कोरडं म्हणून खालीही कोरडं असं समजू नका, वाकून हात घालून बघा.

इथेच पाण्याचा प्रश्न येतो. तुडतुड्यांसाठी खाचरातलं पाणी काढा हा सल्ला बरोबर आहे, पण बुरशी मारायची असेल तर जमीन भेगाळेपर्यंत सुकवू नका. पाणी उतरवा, चिखल ओला राहू द्या, संध्याकाळी बुंध्यावर फवारा. तीन-चार दिवसांनी पुन्हा हलकं पाणी द्या. फुलोऱ्यात असलेल्या धानाला तर ताण बसूच देऊ नका.

सहावं: सोबत काय मिसळलं? पंपात आधी काय होतं?

पहिल्या फवारणीला गुण आला आणि दुसऱ्याला नाही, असं सांगणाऱ्याला मी आधी हेच विचारतो. धानात करपा आणि पर्णकोष करपा या बुरशीजन्य रोगांसाठी याच दिवसांत बुरशीनाशकं मारली जातात. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, कार्बेन्डाझिम, मँकोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, ही सगळी बुरशी मारायलाच बनवलेली आहेत. आपली बुरशीही बुरशीच आहे. "दोन्ही एकाच टाकीत टाका, मजुरी वाचेल" हा सल्ला मी एका दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, आणि त्या सल्ल्यावर चाललेल्या शेतात नंतर डब्यातल्या एकाही किड्यावर लोंब फुटला नाही.

मी बुरशीनाशक आणि बुरशी यांत दहा दिवसांचं अंतर ठेवतो. पंप वेगळा नसेल तर साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन, नळी आणि नोझलमधूनही पाणी काढून घेतो. टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं पावशेर पाणीही घात करतं.

सातवं: औषध पडलं कुठे?

यासाठी वहीचा कागद आणि शाईचं पेन लागतं. कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्यांवर शाईनं रेघोट्या ओढा. दव पडण्याआधी, पान कोरडं असताना, आठ-दहा चुडांच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर त्या बांधा. टाकीत नुसतं पाणी भरा आणि नेहमी फवारता तसंच फवारा. मग पट्ट्या बघा. शाई फुटून ठिपके पडले असतील तर थेंब खाली पोचतात. रेघा जशाच्या तशा असतील तर तुमची सगळी बुरशी वरच्या पानांवर बसते आणि तुडतुडे खाली आरामात रस शोषतात.

आमच्याकडे बांधावर उभं राहून गननं (लांब पल्ल्याच्या फवारणी-बंदुकीनं) लांबवर फवारायची पद्धत पडली आहे. तुडतुड्यांसाठी ती कामाची नाही. पाठीवरचा पंप, हॉलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं), एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी, आणि ओळीत शिरून नोझल बुंध्याकडे वळवून फवारणं, याला पर्याय मला सापडलेला नाही. ड्रोन एकरी दहाएक लिटरच पाणी टाकतो. पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी मी तो वापरेन, बुंध्यावरच्या तुडतुड्यांसाठी नाही.

नोझल चोंदत असेल तर दोष मिसळण्यात आहे. या बुरशांचे बीजाणू पाण्याला दूर ठेवतात, भुकटी थेट टाकीत ओतली की वर तरंगते आणि गोळे होतात. आधी थोड्या पाण्यात पिठल्याला बेसन कालवतात तशी गुठळी मोडून कालवा, स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून घालायचं द्रव) घाला, फडक्यातून गाळा, मग टाकीत टाका. कालवलेलं त्याच संध्याकाळी संपवा. आणि हे करताना तोंडाला कापड, डोळ्यांवर चष्मा हवाच. ही भुकटी श्वासात गेली तर ॲलर्जी होऊ शकते, आणि डोळ्यात गेली तर पाण्यानं धुऊन, चुरचुर थांबली नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

आठवं: पाकिटातली बुरशी जिवंत आहे का?

तारीख ठीक असली तरी पाकीट मेलेलं असू शकतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात मे-जून काढलेलं पाकीट ऑगस्टमध्ये कितीही नवं दिसलं तरी आतले बीजाणू टिकलेले असतीलच असं नाही. म्हणून मी उन्हाळ्यात कधीच भरून ठेवत नाही. पावसाळ्यात, लागेल तेवढंच आणतो आणि घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो.

घरी अशी चाचणी करा. थोडा तांदूळ अर्धा कच्चा शिजवा, मोकळा करा, उष्णता सोसणाऱ्या तीन छोट्या पिशव्यांत भरा, तोंड कापसानं बंद करा आणि कुकरमध्ये अर्धा तास वाफवा. पूर्ण गार झाल्यावर दोन पिशव्यांत चिमूटभर भुकटी टाका, तिसरीत काही नाही. सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. तिसरी पिशवी स्वच्छ राहिली पाहिजे. तिच्यातही काही उगवलं तर तुमची चाचणी बिघडली, पुन्हा करा. पहिल्या दोन पिशव्यांत काहीच उगवलं नाही, तर पाकीट मेलेलं आहे.

पण काही उगवलं म्हणजे ती आपलीच बुरशी, असं ठरवू नका. डोळ्यांना हिरव्या दिसणाऱ्या बुरशा कितीतरी आहेत, आणि त्यातल्या ॲस्परजिलससारख्या काही विषारी असतात. पिशवी उघडू नका, वास घेऊ नका, बंदच पुरून टाका. या पिशवीतलं वाढवून शेतात फवारायचा मोह तर अजिबात नको. घरची चाचणी फक्त "मेलेलं आहे" एवढंच खात्रीनं सांगते.

नववं, आणि सर्वांत कष्टाचं: शेतच तुडतुड्यांना बोलावतं आहे का?

वरचं सगळं ठीक असूनही कीड हटत नसेल तर शेताकडे बघायचं. जास्त युरियानं पीक गडद हिरवं, लुसलुशीत, दाट होतं, तुडतुड्यांना तेच हवं असतं. उरलेला हप्ता थांबवा किंवा कमी करा. दर दोन-तीन मीटरवर फूटभर रिकामा पट्टा सोडला की हवा खेळते आणि फवारणाऱ्याला आत शिरता येतं. हे लावणीच्या वेळीच करायचं असतं, म्हणून यंदा हुकलं तर पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, आधी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड मारलं होतं का? त्यानं कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात आणि तुडतुडे उलट जोमानं वाढतात. असं शेत मी पाहिलं आहे. तिथे एकट्या बुरशीला ती गर्दी आवरली नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

शेतात आडवे-तिरपे फिरून वीस चूड मोजा. सरासरी चुडामागे दहाच्या वर तुडतुडे असतील, बुंधा चिकट लागत असेल, काजळी चढली असेल किंवा जळकी खळी दिसत असतील, तर बुरशीची वाट बघू नका. आठ दिवसांत शेत बसेल. नीट केलेल्या दोन फवारण्यांनंतरही डब्यात एकाही किड्यावर लोंब आला नाही, तरीही थांबा, तिसरं पाकीट घेऊ नका.

ग्वाल्हेरचं कृषी विज्ञान केंद्र किंवा २००८ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयातले कीटकशास्त्राचे लोक, यांच्याकडे जा. जाणं जमत नसेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा. कोणतं रसायन, किती, आणि कापणीच्या किती दिवस आधीपर्यंत, हे त्यांनाच ठरवू द्या. बासमती पिकवणाऱ्यांनी तर नक्कीच. युरोपनं २०१८ पासून ट्रायसायक्लाझोल या करप्यावरच्या बुरशीनाशकाचा अवशेष किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही असं ठरवलं, आणि तेव्हापासून निर्यातीचा तांदूळ घेणारे अवशेषांबद्दल कसून विचारतात. पाकीट खरं की खोटं याचा निकालही प्रयोगशाळेतल्या बीजाणूंच्या मोजणीनंच लागतो.

जाताना न फोडलेलं एक पाकीट त्याच बॅचचं, खरेदीची पावती, फवारल्याची तारीख आणि वेळ, आधीच्या तीन आठवड्यांत मारलेल्या सगळ्या औषधांची यादी, आणि डब्यातले किडे घेऊन जा. ते शेतावर येणार असतील तर तोपर्यंत युरिया थांबवा, खाचरातलं पाणी उतरवा आणि पंप धुऊन ठेवा.